पाळयंकोट्टैचं तिकीट

टाळ्या थांबेनात. याळिनी खुर्चीवर येऊन बसली, पदर सावरून तिने पाण्याची बाटलीही उघडली, तरी समोरचा मांडव वाजतच होता. मधल्या खुर्चीत बसलेले पंच, पुलवर देवनायगम, घंटीवर हात ठेवून कौतुकाने मान डोलावत होते.

"आता बोलक्यांचा पक्ष काय करतो बघू," ते माईकवर म्हणाले. "या पोरीनं तर तुमच्या सगळ्यांच्या जिभाच कापून नेल्या. या, कोविलपट्टी कुमरगुरु, या! उरली असली तर जीभ घेऊन या!"

लोक पुन्हा हसले. कुमरगुरुही हसला, उठला, शर्टाची घडी सारखी केली आणि माईकपाशी गेला.

देवीच्या जत्रेतला पट्टीमन्ड्रम होता. दोन पक्ष, प्रत्येकी तीन वक्ते, मध्ये पंच आणि समोर हजारभर लोक. आजचा वादाचा विषय होता : जगात तरतो कोण, हुशार की बोलका? कुमरगुरु बोलक्यांच्या बाजूचा तिसरा वक्ता होता. गेली बावीस वर्षं तो तिसराच बोलत आला होता. आठवड्याचे पाच दिवस तालुका कचेरीत कारकून आणि शनिवार-रविवार पांढरा शर्ट, लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी आणि कुठल्या तरी गावचं व्यासपीठ. पहिला वक्ता विषय मांडतो, दुसरा लढतो आणि तिसऱ्याने हसवायचं असतं. जेवणाआधी लोक उठून जाऊ नयेत म्हणून तिसरा.

हसवणं त्याला येत होतं. इतकं येत होतं, की दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत तो ते शिकवायचा. कॉलेजची मुलं, दोन शिक्षिका, एक विमा एजंट असे पंधरा-वीस जण यायचे. तो त्यांना सांगायचा, "पहिल्या दोन मिनिटांत हशा आला पाहिजे. नाही आला तर लोकांना आपापली कामं आठवायला लागतात. पुस्तकातलं सांगू नका, घरातलं सांगा. आणि पहिल्या रांगेकडे बघू नका. तिथं संयोजक आणि त्यांची बायकापोरं बसलेली असतात, ती हसत नाहीत. चौथ्या रांगेतला एक चेहरा धरा आणि त्यालाच सांगतोय असं बोला."

आज त्याची दोन मिनिटं कधीच उलटून गेली होती. बायकोच्या आंबट सांबाराचा विनोद सांगून झाला. तो पडला, कारण याळिनीने आपल्या भाषणात "आता पुढचे वक्ते बायकोच्या सांबारावर येतील बघा" असं म्हणून ठेवलं होतं. कचेरीतल्या साहेबाचा किस्सा सांगितला. तिघं हसले, त्यातला एक कॅमेरावाला. मांडवाच्या उजव्या बाजूला चण्यांचं सुंडल वाटायला सुरुवात झाली आणि लोक पानाचे द्रोण आणायला उठू लागले. बायका पोरांना कडेवर घेऊ लागल्या. कुमरगुरुच्या कपाळावर घाम आला. त्याने सवयीने चौथ्या रांगेत चेहरा शोधला.

चौथ्या रांगेत त्याचा अण्णा बसला होता.

शंकरपांडी. त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा सख्खा भाऊ. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला विभूती. त्याच्या शेजारी जरीकाठी वेष्टी नेसलेले एक जाडसर गृहस्थ, पलीकडे त्यांची बायको, आणि टोकाला चष्मा लावलेला एक तरुण. कुमरगुरुला क्षणात उलगडा झाला. शंकरनकोविलहून अण्णाच्या मुलीला बघायला आलेले हेच ते लोक, हार्डवेअरचं दुकान असलेले तवसीमुत्तू. मुलगी बघून झाली असणार, आणि आपला भाऊ किती मोठा वक्ता आहे ते दाखवायला अण्णा त्यांना घेऊन आला असणार. येणार असल्याचं अण्णाने कळवलंही नव्हतं. हनुवटी वर करून तो सारखा शेजाऱ्याकडे बघत होता, तो बघा, तो माझा भाऊ.

कुमरगुरुकडे एक गोष्ट होती. गेली अकरा वर्षं ती कधीच पडली नव्हती. सेलम, ईरोड, कोइम्बतूर, बंगळूरचा तमिळ संघ, सगळीकडे लोक तीच मागायचे. मदुरैच्या खाली मात्र त्याने ती कधी सांगितली नव्हती. आज त्याचं गाव, कोविलपट्टी, चौदा किलोमीटरवर होतं आणि ज्याची गोष्ट होती तो समोर बसला होता.

घंटी वाजायला अजून सात मिनिटं होती. पुढे त्याने स्वतःला पुष्कळदा समजावून पाहिलं, की ते तोंडातून निघून गेलं. निघून गेलं नव्हतं. त्याने अण्णाकडे पाहिलं, रिकाम्या होणाऱ्या खुर्च्यांकडे पाहिलं, आणि ठरवलं.

"मंडळी, हुशारीचं कौतुक मला सांगता?" त्याने आवाज उतरवला. आवाज उतरवला की लोक थांबतात. "माझा एक अण्णा आहे. माझ्यापेक्षा दसपट हुशार. तोंडी हिशेब असा, की दुकानातल्या मशीननं लाजावं. पण देवानं डोक्यात एवढं भरलं आणि झाकण मात्र घट्ट लावून टाकलं. एकदा अण्णा बसमध्ये चढला. कंडक्टर म्हणाला, कुठं? अण्णा म्हणाला, प..."

त्याने ओठ मिटले, गाल फुगवले, मान मागे नेली. सुंडल आणायला निघालेला एक म्हातारा जागीच थांबला.

"प... प... कंडक्टर म्हणाला, पांडवरमंगलम? अण्णाची मान, नाही. प... प... पसुवंदनै? नाही. अहो मग पुदुक्कोट्टै? नाही हो नाही! प... प... बस सुटली. कयत्तार आलं. अण्णा पोचलाय ‘पा’पर्यंत."

पहिला हशा आला. उठलेले लोक मागे वळले.

"गंगैकोंडान आलं. पा... पाळ... सगळी बस उभी राहिली. ड्रायव्हर म्हणतो, साहेब, जोर लावा! म्हाताऱ्या नवस बोलतात! पाळ... पाळयं... आणि शेवटी अण्णानं डोळे मिटून एकदाचं सोडलं, पाळयंकोट्टै! कंडक्टर म्हणाला, उतरा साहेब, आलं. तिकीट राहू दे, एवढ्या मेहनतीवर तिकीट कोण लावणार?"

मांडव कोसळायचा तेवढा राहिला. पुलवरांनी चष्मा काढून डोळे पुसले. याळिनीसुद्धा तोंडावर हात धरून हसत होती. तवसीमुत्तू मांडीवर थापा मारत होते. हसता हसता ते शंकरपांडीकडे वाकले आणि काहीतरी विचारलं. काय विचारलं ते व्यासपीठावरून ऐकू येणं शक्य नव्हतं. पण कुमरगुरुला दिसलं, अण्णाने आपला तळवा स्वतःच्या छातीवर ठेवला आणि मान डोलावली. तवसीमुत्तूंचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण त्याचं काय करावं ते त्यांना कळेना. त्यांच्या बायकोने मांडीवरची पिशवी उगाच नीट केली.

इथे थांबता आलं असतं.

"अहो, अण्णांचं लग्न कसं जमलं ते तरी सांगून जा!" पुलवर म्हणाले. कार्यक्रम त्यांना पाठ होता.

आणि लोक ओरडले, "सांगा! सांगा!"

कुमरगुरुने तेही सांगितलं. मुलगी बघायला गेलेला अण्णा, ‘पसंत’ म्हणायला लागलेला पाऊण तास, तोवर थंड झालेली कॉफी आणि मुलीच्या बापाने भीतीने दिलेला होकार. मुलाकडची माणसं शेजारी बसली असताना सांगितलं. बोलताना तो चौथ्या रांगेकडे बघत नव्हता, सातव्या रांगेकडे बघत होता. तरीही डोळ्याच्या कडेतून त्याला दिसलं, की अण्णा हसतोय. मोठ्याने, तोंड उघडून हसतोय आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवतोय. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यावरही त्याच्या थोडा वेळ चालू राहिल्या.

निकाल बोलक्यांच्या बाजूने लागला.

कार्यक्रम संपल्यावर चौघंही व्यासपीठामागे आले. तवसीमुत्तूंनी हात जोडले. "सार, पोट दुखेपर्यंत हसलो. खरंच. मोठी कला आहे."

"अहो, ते सगळं स्टेजपुरतं," कुमरगुरु घाईने म्हणाला. "तिखटमीठ लावावंच लागतं. अण्णा काही एवढा..." तो अण्णाकडे वळला. "अण्णाला माहितीये सगळं."

शंकरपांडीने मान डोलावली. तो अजून हसत होता. ते हसू त्याने कुणीतरी हातात दिलेल्या वस्तूसारखं सांभाळून धरलं होतं. तवसीमुत्तूंची बायको त्याच्याकडे बघून हळू आवाजात आणि एकेक शब्द सुटा करून बोलली, जसं बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं. "दादा, आपण... निघायचं... का?"

गोष्ट ऐकेपर्यंत ती त्याच्याशी इतरांसारखंच बोलत असणार. कुमरगुरुला ते जाणवलं.

"ज... जेवायला चल घरी," शंकरपांडी भावाला म्हणाला. "इडियप्पम क... केलंय."

"नको अण्णा, आमची गाडी थांबलीये," कुमरगुरु म्हणाला. गाडी थांबली नव्हती. ती सगळ्यांचं जेवण झाल्यावर निघणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती गोष्ट लोकांच्या फोनवर पोचली होती. कॅमेरावाल्याने तेवढाच तुकडा कापून टाकला होता. कचेरीत शिपायापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांनी अभिनंदन केलं. कुमरगुरु दुपारी घरी जेवायला आला तेव्हा बायकोने, सेल्वकनीने, ताट वाढलं आणि समोर बसली. एरवी ती वाढून आत जायची.

"तुमच्या अण्णांची बायको आली होती सकाळी," ती म्हणाली. "चिक्की ठेवून गेली. काही बोलली नाही."

"अगं, अण्णा स्वतः टाळ्या वाजवत होता."

"मग काय करणार होते? उठून जाणार होते?"

तो भात कालवत राहिला.

"माझ्या सांबारावर बोलता तेव्हा मी काही म्हणते का?" सेल्वकनी म्हणाली. "नाही म्हणत. कारण घरी आल्यावर मला तुम्हाला उलटून बोलता येतं." तिने उष्टी भांडी उचलली. "त्यांना कुठं येतं?"

तो हात धुवायला उठला.

खरं तर अण्णामुळेच त्याला बोलता येत होतं. वडील लवकर गेले. शंकरपांडी सहावीत होता. गुरुजी रोज त्यालाच उभं करून धडा वाचायला लावायचे, कारण मग वर्ग खूश असायचा. एक दिवस त्याने दप्तर घरी ठेवलं आणि चिक्कीच्या कारखान्यात कामाला लागला, तो पुन्हा शाळेत गेला नाही. कुमरगुरु चार वर्षांचा झाला तेव्हापासून अण्णा त्याचं बोट धरून सगळीकडे न्यायचा, आणि बोलायचं ते कुमरगुरुने. रेशनच्या दुकानात कुमरगुरु, डॉक्टरकडे कुमरगुरु. उधारीवर गूळ मागायला, मालकाकडे सुट्टी मागायला कुमरगुरु. मोठ्या माणसांशी कुठल्या सुरात बोलावं, कुठे थांबावं, कुठे हसू आणावं ते तो त्या वयात शिकला. अण्णासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा अठरा वर्षांच्या कुमरगुरुने अर्धा तास असं काही बोलून दाखवलं, की मुलीचा बाप म्हणाला, दोघांतला मोठा एवढा शांत असेल तर मुलगी सुखात राहील. अण्णाने ‘पसंत’ म्हणायला काही पाऊण तास घेतला नव्हता. त्याला म्हणावंच लागलं नव्हतं. कॉफीही गरम होती.

कॉलेजची फी अण्णाने भरली. पहिल्या वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी अर्धी रजा टाकून अण्णा शेवटच्या बाकावर येऊन बसला होता. अंगाला गुळाचा वास येत होता म्हणून शेवटच्या.

कुमरगुरु दोन दिवस गेला नाही. तिसऱ्या दिवशी कचेरीतून परस्पर अण्णाच्या घरी गेला. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आता शंकरपांडीचा स्वतःचा चिक्कीचा कारखाना होता. कारखाना कसला, दोन चुली, एक मोठी कढई, कापायला आणि पुड्या बांधायला चार बायका. कढईत गुळाचा पाक रटरटत होता आणि अण्णा लांब दांड्याचा झारा घेऊन उभा होता.

कुमरगुरुला बघून चारही बायका गप्प झाल्या. त्यातली पेच्चियम्मा, जी एरवी त्याला बघून "आलं का आमचं रेडिओ स्टेशन!" म्हणायची, तिने मान खाली घालून पुडी बांधायला घेतली.

"अण्णा, परवाचं..."

शंकरपांडीने झारा वर केला, थांब. पाकाचा थेंब त्याने पाण्याच्या वाटीत सोडला, बोटाने दाबून पाहिला. अजून झाला नव्हता. तो पुन्हा ढवळू लागला.

"स्टेजवर काय होतं अण्णा, तुला माहितीये... समोर लोक उठायला लागले की माणूस..." कुमरगुरु थांबला. रस्त्याने येताना त्याने सगळं मनात मांडून आणलं होतं. सुरुवात कशी करायची, कुठल्या वाक्यावर आवाज खाली आणायचा. इथे ते कुठलंच वाक्य तोंडातून बाहेर काढण्याजोगं वाटेना. "म्हणजे मी काही मुद्दाम... तो पंच म्हणाला म्हणून... आणि ती पाहुणेमंडळी, मला ठाऊकच नव्हतं की ती..."

"ठा... ठाऊक होतं," शंकरपांडी म्हणाला. रागावून नाही. हिशेबातली चूक दाखवावी तसं.

"हो," कुमरगुरु म्हणाला. "होतं."

पाक झाला. शंकरपांडीने कढई उतरवली, भाजलेले शेंगदाणे ओतले, भराभरा हलवले आणि सगळं लाकडी फळीवर पसरलं. लाटण्याने दाब देत तो फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. गार व्हायच्या आत व्हावं लागतं ते. कुमरगुरु उभा होता. बायकांनी सुऱ्या घेतल्या आणि चौकोन पाडायला सुरुवात केली, तेव्हा शंकरपांडीने हात पुसले आणि त्याच्याकडे पाहिलं.

"अ... अम्मानं सांगितलं तुला?"

कुमरगुरुला वाटलं होतं, तो काहीही विचारेल. हे विचारेल असं वाटलं नव्हतं.

"हो. जायच्या आधी. हॉस्पिटलात."

बसची गोष्ट खरी होती. फक्त त्या बसमध्ये अण्णा एकटा नव्हता. कुमरगुरु तेव्हा मदुरैला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. अम्माला तापाने शुद्ध नव्हती आणि तिला पाळयंकोट्टैच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं होतं. शंकरपांडी तिला मांडीवर घेऊन बसला होता. कंडक्टरने विचारलं, कुठं? एरवी अवघड शब्द आला की शंकरपांडी त्याला वळसा घालून सोपा शब्द शोधायचा. त्या दिवशी भीतीने कुठलंच अक्षर फुटेना. ना गावाचं नाव, ना हॉस्पिटल, ना अम्मा. बस भरलेली होती. कंडक्टर म्हणाला, सकाळी सकाळी पिऊन आलाय, आणि कयत्तारला दोघांना खाली उतरवलं. भर उन्हात शंकरपांडी अम्माला पाठीवर घेऊन रस्त्याने चालत निघाला. मागून एक विटांचा ट्रक आला, त्याने घेतलं. त्या सगळ्यात अम्माला मध्येमध्ये थोडी शुद्ध आली होती. तिने कंडक्टरचं बोलणं ऐकलं, मुलाला रडताना पाहिलं. ती त्यातून वाचली आणि पुढे बारा वर्षं जगली. पण त्या दिवसाबद्दल शंकरपांडी कुणालाही, बायकोलाही, काही बोलला नव्हता. त्याला वाटत होतं अम्माला ते आठवत नाही.

"क... कयत्तारला उतरवलं आम्हाला," शंकरपांडी म्हणाला.

"माहितीये अण्णा."

"तेही माहीत होतं?" तो खरोखरच विचारत होता. "मग ते... ते का नाही सांगितलंस लोकांना?"

पेच्चियम्माची सुरी थांबली.

उत्तर दोघांनाही माहीत होतं. शंकरपांडीने बराच वेळ वाट पाहिली. भाऊ बोलताना त्याने कधी मध्ये तोंड घातलं नव्हतं, आजही घातलं नाही. शेवटी तो स्वतःच म्हणाला, "ब... बरोबर आहे. त्याला कोण हसणार."

मग त्याने कागदात दोन चौकोन बांधले आणि नेहमीसारखे भावाच्या हातात दिले. "ज... जमलंय. शुक्रवारी सकाळी लग्नाचा निश्चय. सेल्वकनीला घेऊन ये."

"तांबूल देताना मी बोलेन अण्णा. नीट बोलेन. एकही..."

"नको," शंकरपांडी म्हणाला. तो शब्द त्याला एका फटक्यात आला.

शुक्रवारी सकाळी अण्णाच्या घरासमोर लहानसा मांडव घातला होता. साठ-सत्तर माणसं. सतरंजीवर ताटं मांडली होती. नारळ, विड्याची पानं, केळी, हळद, साडी. अण्णाची मुलगी पोन्मलर निळ्या रेशमी साडीत आईशेजारी बसली होती. काकाला बघून ती उठली नाही. "या चित्तप्पा," म्हणाली आणि पुन्हा समोर बघू लागली. लहानपणी हीच त्याच्या स्टेजच्या कडेला बसून त्याला पाण्याची बाटली द्यायची.

कुमरगुरु चौथ्या की पाचव्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसला. पण तवसीमुत्तूंनी त्याला पाहिलं.

"अहो सार, तिथं काय बसलाय? पुढं या! मुलीकडून तुम्हीच बोला. थोडी मजा येईल!"

चार डोकी वळली. कोणीतरी म्हणालं, "हो हो, सारांना बोलू द्या!" कुमरगुरु अर्धवट उठला. चाळीस वर्षांची सवय होती ती. घरात काही बोलायचं असलं की त्याने उठायचं.

शंकरपांडीने हात वर केला. त्याने कुमरगुरुकडे पाहिलंही नाही, नुसता तळहात दाखवला. कुमरगुरु खाली बसला.

शंकरपांडी ताट घेऊन उभा राहिला. खांद्यावरचं उपरणं त्याने नीट केलं. समोर तवसीमुत्तू आपलं ताट घेऊन उभे राहिले. बोलायचं फार नसतं. आमची अमुक मुलगी आजपासून तुमच्या घरची, एवढंच. घरचा मोठा माणूस ते चार लोकांत बोलतो आणि मग ताटं बदलतात.

"आ... आमची मुलगी," शंकरपांडी म्हणाला. इथवर तो आला.

मग त्याचे ओठ मिटले.

पहिल्या नातीला आजीचं नाव द्यायची त्यांच्यात रीत. अम्माचं नाव पोन्नम्माळ, म्हणून मुलगी पोन्मलर. बारशाला ते नाव कुमरगुरुनेच पुकारलं होतं, शाळेत त्यानेच सांगितलं होतं. शंकरपांडी तिला जन्मापासून ‘कण्णू’ म्हणत आला होता. पंचवीस वर्षांत त्याने ते नाव तोंडाने घेतलेलं कुमरगुरुला आठवत नव्हतं.

"प..."

मानेच्या शिरा ताठ झाल्या. डोळे मिटले गेले, उघडले. "प... प..."

मागच्या खुर्च्यांवर मुलाचे चुलत-मावस भाऊ बसले होते. त्यातला एक हळूच म्हणाला, "साहेब, जोर लावा!" दोघं-तिघं फिसकन हसले. एकीने "श्श" केलं, पण तीही हसत होती.

मागे वळून एक नजर टाकली असती तर ती पोरं गप्प बसली असती. तो वळला नाही. कुठल्या तोंडाने वळणार होता? शब्द त्याचे होते. मध्ये किती वेळ सोडायचा तेही त्यांनी त्याच्याकडूनच उचललं होतं.

अण्णा अडला की त्याच्याकडे बघायचा. रेशनच्या दुकानात, बँकेत, अम्मा गेली त्या दिवशी डॉक्टरांसमोर. बोलता बोलता थांबायचा आणि नुसती नजर वळवायचा, आणि राहिलेला शब्द कुमरगुरु पुरवायचा. आत्ताही तो शब्द कुमरगुरुच्या तोंडात केव्हाचा तयार होता. त्याने अण्णाच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि वाट पाहिली.

अण्णाने बघितलं नाही. तो मुलीकडे बघत होता.

पोन्मलर उठून उभी राहिली. तिने काही केलं नाही, ओठही हलवले नाहीत. बापाच्या समोर उभी राहून ती थांबली, जसं कुणी लांबून चालत येत असताना आपण दारात थांबतो. तवसीमुत्तूंच्या हातातलं ताट नारळांनी जड झालं होतं, पण त्यांनी ते खाली ठेवलं नाही. त्यांचा मुलगा मागे वळला, आपल्या भावांकडे एकदा चष्म्यातून बघितलं, आणि मागची फिसफिस थांबली. भटजींनी पंचांग मिटून मांडीवर ठेवलं. रस्त्यावरून एक बस हॉर्न वाजवत गेली, तिचा आवाज पार दूर जाईपर्यंत ऐकू आला.

"पो... पोन्मलर," शंकरपांडी म्हणाला. आणि थांबून, या वेळी नीट, पुन्हा म्हणाला, "पोन्मलर. आजपासून तुमच्या घरची."

"आमच्या घरची," तवसीमुत्तू म्हणाले.

ताटं बदलली. बायकांनी जिभा हलवून कुलवै घातली, तो उंच सूर मांडवाच्या कापडाला जाऊन भिडला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. टाळ्या वाजवण्यासारखं ते नव्हतंच. लोक उठले, जेवणाची पानं मांडायला जागा करू लागले, खुर्च्या मागे सरकल्या. शंकरपांडी घाम पुसत मुलाच्या आईशी काहीतरी बोलत होता, अडखळत, हातवारे करत. ती मान तिरकी करून ऐकत होती आणि मध्ये बोलत नव्हती.

"उठा सार, खुर्ची हवीये," वाढपी म्हणाला.

कुमरगुरु उठला. त्याने खुर्ची स्वतःच मिटली आणि कडेला, बाकीच्या खुर्च्यांना टेकवून ठेवली.